वर्गात मारामारी करणारी, गप्प बसणारी, शाळेत यायलाच नकार देणारी मुलं : शाळा आणि घर मिळून काय करू शकतं?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी प्राथमिकला शिकवते. मध्यंतरी इथेच एका धाग्यावर "हल्लीच्या मुलांना वळणच नाही" अशी चर्चा रंगली होती. तिथे प्रतिसाद लिहायला घेतला, तो फार लांबला, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

एका मुलाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. चौथीतला मुलगा. शेजाऱ्याची वही फाडणं, पट्टीने मारणं, बाकाखाली जाऊन बसणं आणि बाहेरच न येणं, हे रोजचं. खालच्या वर्गातून वर येतानाच "याला सांभाळा हं" अशी सूचना सोबत आलेली. वर्गात काहीही झालं की पोरं एका सुरात "बाई, यानेच केलं!" म्हणायची, त्याने केलेलं नसलं तरी. आई घरकाम करते. तिला शाळेतून फोन आला की ती हातातलं काम टाकून धावत यायची आणि फाटकातून आत येतानाच माफी मागायला लागायची. ते बघून फार वाईट वाटायचं.

आम्ही एक वही घातली. तीन रकाने. आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. अट एकच : मत लिहायचं नाही. "उद्धटपणा केला" असं नाही लिहायचं, "उजवीकडच्या मुलाच्या हातावर पट्टी मारली" असं लिहायचं. सोबत तास आणि वेळ. बरीच पानं भरल्यावर ती एकत्र वाचली. गणिताच्या तासाला एकही नोंद नाही. चित्रकला, कवायत, काही नाही. नोंदी होत्या त्या भाषेच्या तासाच्या, आणि तिथेही रांगेने प्रकट वाचन सुरू होऊन पाळी त्याच्या बाकाजवळ आली, की मग. तिसऱ्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक वेळी एकच वाक्य : वर्गाबाहेर उभं केलं. शाळेच्या लेखी ती शिक्षा होती, पण त्याचं वाचन टळत होतं.

त्याला वाचताच येत नव्हतं. पहिलं अक्षर बघून बाकीचा शब्द तो अंदाजाने म्हणायचा, जोडाक्षर आलं की थांबायचा. तोंडी विचाराल तर वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आधी उत्तर द्यायचा, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग त्याची रांगेतली पाळी बंद केली. आदल्या दिवशी दोन ओळी घरी द्यायच्या, दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात त्याने वाचायच्या. आणि एक लाल पुठ्ठ्याचं कार्ड दिलं. डोकं तापायला लागलं, की ते टेबलावर ठेवायचं, टाकीवर जाऊन पाणी पिऊन यायचं, कुणी काही विचारणार नाही. सुरुवातीला त्याने कार्डाचा सपाटाच लावला. सहकारी म्हणाले, डोक्यावर बसेल. पण महिनाभरात वापर आपोआप कमी झाला. मारामारी पूर्ण थांबली असं म्हणणार नाही. पण पट्टीने मारणं थांबलं.

मुलाला कुठलंही नाव चिकटवण्याआधी, मग ते "वाह्यात" असो की इंग्रजी आद्याक्षरांचं, काय घडतं ते लिहून काढा आणि ते घर आणि शाळा दोघांनी एकत्र बसून वाचा, एवढंच माझं म्हणणं आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय. माझ्या वर्गात पन्नासच्या आसपास आहेत, तरीही एका वेळी एका मुलाची वही ठेवता येते.

पालकांनी, शिक्षकांनी, डॉक्टर असतील तर त्यांनीही लिहा. शाळेकडून तुम्हाला काय हवं असतं तेही लिहा.

दोन_पोरांची_आई

गोदाकाठताई, वाचताना डोळे भरून आले. माझ्या थोरल्याला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे, आता सातवीत, पुण्यात. निदान व्हायच्या आधीची दोन वर्षं मला आठवायलाही नको वाटतात. शाळेची डायरी उघडली की लाल शाई. "जागेवर बसत नाही." "डबा खाल्ला नाही." "पुस्तक विसरला." "पालकांनी भेटावे." घरी आल्यावर मी ओरडायचे, रात्री हे ओरडायचे, आणि त्या पोराला दिवसभरात एकही माणूस चांगलं बोललेलं नसायचं.

पाचवीत नवीन वर्गशिक्षिका आल्या. त्यांनी डायरीत रोज तीनच गोष्टी लिहायच्या ठरवल्या : फळ्यावरचं उतरवून घेतलं का, बोलण्याआधी हात वर केला का, मधल्या सुट्टीनंतर वेळेवर वर्गात आला का. पुढे बरोबर किंवा रेघ, बस. तीनपैकी दोन बरोबर आले, की घरी त्या संध्याकाळी वीस मिनिटं सायकल. रविवारी नाही, महिन्याच्या शेवटी नाही, त्याच संध्याकाळी. आमच्या समुपदेशकांनी हे आवर्जून सांगितलं होतं की या मुलांना लांबचं बक्षीस कळत नाही, आजचं आज द्या. "वार्षिक परीक्षेत चांगले मार्क मिळव, सायकल घेऊन देतो" याचा आमच्याकडे काडीचा उपयोग झाला नव्हता.

पालक म्हणून शाळेकडून एवढंच हवं असतं, की आठवड्यातून एकदा तरी फोन यावा आणि त्यात तक्रार नसावी. शाळेचा नंबर स्क्रीनवर दिसला की अजूनही पोटात गोळा येतो.

सातारकर_आजोबा

चर्चा चांगली चालली आहे. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. स्पष्ट लिहितो. आमच्या वेळी वर्गात साठ-सत्तर मुलं असत आणि वर्गात शांतता असे. दोन छड्या बसल्या की पोरं सुतासारखी सरळ होत. कार्डं, बक्षिसं, सायकल हे सगळं करून आपण मुलांना जगाला तोंड द्यायला तयार करतोय का, असा प्रश्न पडतो. शिक्षकाच्या हातातून शिस्त काढून घेतली आणि आता त्याच्याकडूनच सगळं मागायचं, हे बरोबर नाही.

समुपदेशक_ठाणे

आजोबा, नमस्कार. तुमच्या प्रतिसादातल्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. शिक्षकाकडून आपण फार मागतो आणि त्याच्या हाती फार थोडं देतो. छडीबद्दल मात्र वेगळं मत मांडते, राग मानू नका.

त्या काळात सरळ झालेली मुलं आपल्याला दिसतात, कारण ती पुढे शिकली, आज भेटायला येतात, पाया पडतात. चौथी-पाचवीत जी शाळा सोडून गुरं वळायला नाहीतर गॅरेजमध्ये गेली, ती कुणाच्या हिशेबात नाहीत. त्यात वाचता न येणारी किती होती, घरी मार खाणारी किती होती, हे कुणी विचारलं नाही. आणि कायदाही आता स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 17 : शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई. "मानसिक छळ" हा भाग पुष्कळांना माहीत नसतो. सगळ्या वर्गासमोर "तू कधी सुधारणार नाहीस" म्हणणं त्यात येतं.

आता गोदाकाठताईंनी लिहिलंय त्याविषयी. त्यांची तीन रकान्यांची वही हीच वर्तन समजून घेण्याची जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. वागण्यामागे सहसा चारपैकी एक कारण सापडतं : कुणाचं तरी लक्ष हवं असतं, काहीतरी टाळायचं असतं, एखादी वस्तू किंवा खेळ हवा असतो, नाहीतर शरीरालाच ते बरं वाटत असतं, म्हणजे खुर्ची हलवणं, पेन्सिल चावणं वगैरे. एकच कृती, वर्गाबाहेर काढणं, लक्ष हवं असलेल्या मुलाला एका प्रकारे लागू पडते आणि वाचन टाळणाऱ्या मुलाला बरोबर उलट. म्हणून "मारामारी करणाऱ्या मुलाचं काय करायचं" याला एक उत्तर नसतं.

एक सावधगिरी. मूल लक्ष वेधण्यासाठी काही करत असेल आणि तुम्ही ठरवून दुर्लक्ष सुरू केलंत, तर पहिले काही दिवस ते वागणं वाढतं. आधी ओरडून भागत होतं, आता तो बाक वाजवून बघतो. इथेच बहुतेक लोक हात टेकतात आणि "उपाय चालत नाही" म्हणून सोडून देतात. त्याच दिवसांत टिकून राहावं लागतं, आणि त्याच वेळी तो शांत बसला असेल त्या क्षणाला लगेच दखल घ्यावी लागते. नुसतं दुर्लक्ष म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणं झालं.

आणि गप्प मुलांबद्दल कुणीतरी लिहा ना. माझ्याकडे शाळा दहातली आठ मुलं पाठवते ती दंगा करणारी. कोपऱ्यात बसून कधीच त्रास न देणारी मुलगी दोन-दोन वर्षं कुणाला दिसत नाही. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये जे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात 13 ते 17 वयोगटात 7.3 टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. पन्नासच्या वर्गात हे तीन-चार जण होतात. त्यातले सगळे काही पट्टी मारत नाहीत.

मास्तर_बीडवाले

समुपदेशक मॅडम, गप्प मुलीबद्दल मी लिहितो.

जिल्हा परिषदेची शाळा, बीड जिल्हा. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की गाव निम्मं रिकामं होतं. मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या माणसाकडून) उचल घेतलेली असते, कोयता घेऊन नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलला परत. काही लेकरं संगं जातात आणि फडावर राहतात, त्यांची शाळा बुडते. काही आजीजवळ राहतात. काही हंगामी वसतिगृहात. शासनाच्या लेखी वसतिगृहातलं लेकरू म्हणजे प्रश्न सुटला, कारण पटावर हजेरी लागते.

दुसरीतली एक पोर. जूनपासून चांगली खेळणारी, कविता म्हणणारी. दिवाळीनंतर शाळा भरली तर तोंडातून शब्द नाही. खिचडी घेतली की अर्धी खायची, अर्धी डब्यात झाकून ठेवायची. विचारलं तर मान खाली. आम्हाला वाटलं घरी धाकटा भाऊ असेल. आजीला विचारलं तर म्हणाली, भाऊ आईसंगं फडावर गेलाय, ही त्याच्यासाठी ठेवती अन् रातच्याला टाकून द्यावी लागती.

मी मानसोपचारातला माणूस नाही. सुचलं ते केलं. तोडकऱ्यांना संध्याकाळी गाडी भरून झाल्यावर थोडी उसंत मिळते. बापाचा नंबर घेतला आणि ठराविक वारी, ठराविक वेळेला माझ्या फोनवरनं तिचं आई-बापाशी आणि भावाशी बोलणं करून दिलं. वार ठरलेला असणं महत्त्वाचं ठरलं, कारण तिला मोजता यायला लागलं. वर्गात एक कॅलेंडर लावलं आणि ज्यांचे आई-बाप गेलेत त्या सगळ्या लेकरांनी रोज एक दिवस खोडायचा. पट्टा कधी पडणार हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून परत येण्याची तारीख नाही लिहिली, पुढच्या फोनचा वार लिहिला. खोटी तारीख सांगून लेकराला गप्प करू नये असं मला वाटतं. हळूहळू बोलायला लागली. कविता मात्र त्या वर्षी म्हटली नाही.

हे आमच्याकडं दरवर्षी होतं. याला आजार म्हणायचं का, हे मला सांगता येत नाही. लेकरू आई-बापाशिवाय सहा महिने राहतंय, त्याला दुःख होणारच. पण दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांना अभ्यासक्रम पूर्ण करायची घाई न लावता लेकरांकडं बघायला वेळ द्या, ही मागणी मी शिक्षकांच्या केंद्र संमेलनात करत आलोय आणि करत राहणार.

पावसाळी

मास्तर, काय लिहिलंत हो.

वैद्य_बालरोग

मी बालरोगतज्ज्ञ आहे. उशिरा आलो, पण काही गोष्टी लिहिणं गरजेचं वाटतं.

वर्तनाची तक्रार घेऊन मूल आलं की आधी शरीर तपासा. कान आणि डोळे सर्वांत आधी. एका कानाने कमी ऐकू येणारं मूल "सांगितलेलं ऐकत नाही" म्हणून बोलणी खातं. ॲनिमिया बघा. रात्री घोरतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का विचारा. ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असतील तर झोप नीट होत नाही आणि दिवसा ते मूल पेंगत नाही, उलट चिडचिडं आणि चुळबुळं होतं. आणि शिक्षकांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा : बोलता बोलता मूल पाच-दहा सेकंद एकटक बघत थांबलं, हाक मारली तरी भानावर आलं नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढे सुरू झालं, दिवसातून अनेकदा, तर ते "स्वप्नाळू" नाही. तो फिटचा एक प्रकार असू शकतो. ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या तपासणीत) कळतो, औषधाने सहसा आटोक्यात येतो. शाळेत असं दिसलं तर मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या आणि पालकांना द्या, आम्हाला त्याचा फार उपयोग होतो.

एडीएचडीबद्दल : फक्त शाळेत किंवा फक्त घरी त्रास असेल तर सहसा ते निदान होत नाही. लक्षणं किमान दोन ठिकाणी, सहा महिन्यांहून जास्त काळ आणि वयाच्या 12 वर्षांआधीपासून असावी लागतात. म्हणूनच शिक्षकांनी भरलेली प्रश्नावली आम्ही मागतो. ती वेळ काढून भरा, अंदाजे खुणा करू नका. औषधाची पालकांना फार भीती असते. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण, औषध नंतर. त्याहून मोठ्या मुलांत गरज असेल तर मेथिलफेनिडेट वगैरे बालमानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली देतात. भूक कमी होणं, झोप उशिरा लागणं हे त्रास होऊ शकतात, त्यामुळे वजन-उंची नियमित बघावी लागते. "औषधाने पोरगं मंद होतं" असं व्हॉट्सॲपवर फिरतं. डोस बरोबर असेल तर तसं होऊ नये आणि तसं दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगावं, परस्पर बंद करू नये.

पैशांची अडचण असलेल्यांसाठी : सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. 2013 पासून चालू आहे. त्यांच्या यादीत तीसेक प्रकारच्या अडचणी आहेत आणि वर्तन, अध्ययन, एडीएचडी हे त्यात येतं. पण पथक आल्यावर शिक्षक दात आणि उंची-वजन दाखवून मुलांना परत पाठवतात. त्या दिवशी तुमच्या वहीतली ती दोन-तीन मुलं हात धरून समोर उभी करा आणि जिल्हा केंद्राला संदर्भ-चिठ्ठी मागा.

मधल्या_सुट्टीत

मला वेगळी बाजू मांडायची आहे. माझी मुलगी तिसरीत आहे आणि तिच्या वर्गातला एक मुलगा तिला आणि इतरांना चावतो, ढकलतो. एकदा तिच्या कपाळाला टाके पडले. शाळेत गेले तर "त्याला प्रॉब्लेम आहे, समजून घ्या." मी समजून घेते हो. पण माझी मुलगी सकाळी शाळेत जायला रडते. तिला कोण समजून घेणार? इथे सगळे त्या मुलांबद्दलच लिहीत आहेत म्हणून लिहिलं. पालकांच्या ग्रुपवर त्याला काढून टाकण्यासाठी सह्या घेताहेत. मी अजून केलेली नाही, पण करावीशी वाटते.

समुपदेशक_ठाणे

तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमचा राग रास्त आहे. "समजून घ्या" हे काही उत्तर नाही, शाळेने तुम्हाला लेखी सांगायला हवं की उद्यापासून काय बदलणार आहे. चावणं-ढकलणं बहुतेक वेळा मोकळ्या, गोंधळाच्या जागी होतं. जिना, पाण्याची टाकी, सुट्टी संपतानाची रांग. तिथे मोठं माणूस उभं आहे का? तो मुलगा रांगेत सगळ्यांत पुढे, बाईंचा हात धरून चालू शकतो का? हे विचारा. तुमच्या मुलीची जागा बदलण्याऐवजी त्याची बदला म्हणा. तिला शाळेत एक माणूस ठरवून द्या, ज्याच्याकडे ती कधीही जाऊ शकेल. आणि तिच्यावर "सॉरी म्हटलंय ना, आता हात मिळव" ही सक्ती होऊ देऊ नका. त्याने भरपाई करावी, तिने माफ करावं की नाही हे तिचं तिला ठरवू द्या.

सह्यांबद्दल. आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, कलम 16. शाळा मग पालकांवर "तुम्हीच दाखला घेऊन जा" असा दबाव आणतात. मूल दुसऱ्या शाळेत जातं, तिथे दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीला चावतं. त्या आईला एकदा भेटा, जमलं तर. मुख्याध्यापकांच्या खोलीत नको, बाहेर.

जर्सीकर

अमेरिकेतून लिहितोय. इथे दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठीच्या आयडिया नावाच्या कायद्याखाली पालकांनी लेखी मागणी केली आणि संमती दिली, की शाळेला मुलाची तपासणी ठराविक मुदतीत करावीच लागते. केंद्राची मुदत 60 दिवस, राज्यांना आपापली ठरवता येते. मग त्या मुलाची स्वतंत्र योजना बनते, तिला आयईपी म्हणतात. ज्यांना एवढी गरज नसते त्यांना 1973 च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम 504 खाली सवलती. धागाकर्तीची वही इथे शाळेतले तज्ज्ञ करतात आणि त्यावरून लेखी वर्तन-योजना ठरते. मला सगळ्यांत पटलेली तरतूद ही : अशा मुलाला वर्तनामुळे सलग दहापेक्षा जास्त दिवस शाळेबाहेर ठेवायचं असेल, तर आधी बैठक घेऊन ठरवावं लागतं की हे वागणं त्याच्या अडचणीतून आलं, की शाळेने कबूल केलेली मदतच दिली नाही म्हणून आलं. दोन्हींपैकी एक खरं असेल, तर ते नेहमीच्या शिक्षेत बसवता येत नाही.

एवढं असूनही आपले मराठी पालक मागणी करत नाहीत. महाराष्ट्र मंडळात कळेल, रेकॉर्डवर येईल, पुढे कॉलेजला अडेल. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलाला दोन वर्षं घरीच "समजावलं". आणखी एक : काही शाळा अजूनही सांगतात की घरी मराठी बोलणं बंद करा. दोन भाषांमुळे ऑटिझम (स्वमग्नता) किंवा एडीएचडी होत नाही, वाढतही नाही. आजीशी बोलायची भाषा काढून घेतलीत, तर त्या मुलाचं एक हक्काचं माणूस जाईल.

दोन_पोरांची_आई

जर्सीकर, इथेही काही हक्क आहेत, पण ते स्वतः शोधून काढावे लागतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) त्यात आहेत, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. माझ्या मुलाला अध्ययन अक्षमताही निघाली म्हणून मार्ग मिळाला. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण खासगी क्लिनिकचा रिपोर्ट परीक्षा मंडळाला चालत नाही, सरकारी किंवा महापालिकेच्या अधिकृत केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठीचं क्लिनिक आहे. तारखा लांबच्या मिळतात. दहावीच्या वर्षी धावाधाव करू नका, आठवी-नववीतच नंबर लावा.

गोदाकाठ (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुमचा प्रतिसाद आमच्या शिक्षकखोलीत वाचून दाखवला.

वैद्यांनी लिहिल्याप्रमाणे त्या मुलाचे कान-डोळे तपासले, ठीक आहेत. आता वाचनाच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाची तारीख मिळाली आहे. गटसाधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक येऊन बघून गेले. चांगले आहेत, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की महिन्यातून एक फेरी झाली तरी पुष्कळ. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिकला दर 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला 15 मागे एक विशेष शिक्षक असावा असं सांगितलं. त्याच्या जवळपासही आपण नाही. शिक्षक संघटनांनी पगार-पेन्शनबरोबर हाही मुद्दा लावून धरावा.

एक गोष्ट कुणी लिहिली नाही, ती लिहिते. चांगलं बोलणारं, खेळणारं मूल अचानक बदललं, विशिष्ट माणसाजवळ किंवा विशिष्ट जागी जायला घाबरू लागलं, कपडे ओले करू लागलं, वयाला न शोभणारं काही बोलू लागलं, तर वही घालत बसू नका. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेच्या नावाचा विचार त्यात बसत नाही. मुलाला खोदून खोदून विचारू नका, ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. मानसिक त्रासासाठी टेलिमानस, 14416, मराठीत बोलता येतं, चोवीस तास. दोन्ही क्रमांक मुलांना वाचता येतील अशा उंचीवर भिंतीवर लावा.

मधल्या_सुट्टीत

अपडेट. सही केली नाही. त्या आईला भेटले, रिक्षा स्टँडवर. ती आधी घाबरली, मग खूप रडली. मुलाचे वडील मागच्या वर्षी वारले हे शाळेला माहीत होतं, आम्हाला कुणालाच नव्हतं. माझा राग पूर्ण गेलेला नाही, लेकीच्या कपाळावरची खूण रोज दिसते. पण आम्ही दोघी मिळून मुख्याध्यापकांकडे गेलो आणि जिन्यावर सुट्टीच्या वेळी शिपाईमामा उभे राहतील हे लिहून घेतलं. दोघींनी एकत्र मागितलं म्हणून लगेच झालं असं वाटतं.

एक प्रश्न तिच्यातर्फे विचारते. आत्ताच्या बाईंना तो जरा ऐकायला लागलाय. जूनमध्ये वर्ग बदलणार, बाई बदलणार. पुन्हा पहिल्यापासून सगळं?

समुपदेशक_ठाणे

फार महत्त्वाचा प्रश्न. बहुतेक मुलांची गाडी जूनमध्येच घसरते. एप्रिलमध्येच आत्ताच्या बाईंकडून एक पान लिहून घ्यायला सांगा. काय केल्याने तो शांत होतो, काय केल्याने भडकतो, कुठे बसवल्यावर बरा बसतो, काय चांगलं येतं. तक्रारींचा इतिहास त्यात नको. शेवटच्या दोन ओळी मुलाने स्वतः सांगाव्यात, "नव्या बाईंनी माझ्याशी असं वागलेलं मला आवडेल." वडील गेल्याचं त्या पानावर लिहायचं की तोंडी सांगायचं, हे आईने ठरवावं.

शाळा सुरू व्हायच्या आधी शिक्षक हजर होतात, त्या दिवसांत नव्या बाईंची दहा-पंधरा मिनिटं मागा आणि मुलाला सोबत न्या. वर्ग रिकामा असतानाच त्याला त्याचा बाक, टाकी आणि जिना दाखवून घ्या. वडिलांचा वर्षश्राद्धाचा महिना कोणता आहे तेही बाईंना सांगून ठेवा, त्या सुमारास तो पुन्हा बिथरू शकतो. आणि नव्या वर्गातला पहिला आठवडा शिपाईमामांना जिन्यावरून हलवू देऊ नका.